चार बोटांची मोकळी जागा

बायको जाऊन सात महिने झाले. लोक म्हणतात, काहीतरी लिहीत जा, मन रमेल. मन रमवायला मी लिहीत नाही. माझ्या हातनं ढोलाच्या वीसेक चाली बसल्या असतील. त्यातली एकच खरी चांगली होती, आणि तीच मला बायकोच्या सांगण्यावरून मोडावी लागली. मोडली ते बरं केलं का वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या माणसाला विचारायचं ते आता नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा दोन वर्षांची. निजामाचं राज्य होतं. मास्तर उर्दू शिकवायचा, घरी आमी मराठी बोलायचो, आणि दिवसभर ज्यांच्या मागं असायचो त्या मेंढरांना दोन्ही कळत नव्हतं. आमचं गाव पालमपासून तीन कोसांवर. चाळीसेक मेंढरं, दहा-बारा शेळ्या आणि थोडं कोरडवाहू रान. ढोल हा काही आमचा धंदा नव्हता. बिरोबापुढं वाजवायचा, हौसेनं वाजवायचा. चार ढोल आणि झांजांच्या दोन जोड्या असा आमच्या गावचा ताफा होता. ढोलाच्या एका तोंडावर हातानं थाप मारायची, दुसऱ्या तोंडावर टिपरू, म्हणजे बारकी काठी. बापजाद्यांच्या पाच चाली होत्या, त्याच सगळे वाजवायचे. नवी चाल करावी असं कुणाला वाटत नव्हतं. मला का वाटायचं ते सांगता येणार नाही. मेंढरामागं चालताना डोक्यात सारखं काहीतरी वाजत असायचं.

आमच्यात मेंढरं बसवतात आणि चालही बसवतात. मेंढरं बसवायची म्हणजे कुणाच्या रानात रातभर कोंडून ठेवायची, त्या रानाला खत होतं. सकाळी मेंढरं उठवली की भुईवर लेंड्या पडलेल्या असतात, कुठं दाट, कुठं विरळ. ते बघूनच मला माझी रीत सापडली. अंगण झाडून घ्यायचं आणि एकेका ढोलाची एकेक ओळ मांडायची. थाप असेल तिथं लेंडी, टिपरू असेल तिथं खडा, झांजेला चिंचोका. जिथं वाजवायचं नाही तिथं बोटानं मोजून जागा मोकळी सोडायची. एक बोट, दोन बोटं. चारी ओळी खाली-वर मांडल्या की कोण कुणावर चढतो, कोण कुणाला जागा देतो, ते डोळ्यांनी दिसायचं. कागदावर मराठी लिहायला मी पुढं पोरांच्या पाटीवर शिकलो; तेव्हा ते येत नव्हतं, पण हे येत होतं.

माझा मेव्हणा, बायकोचा थोरला भाऊ, झांज वाजवायला यायचा. त्याचं गाव चार कोस लांब, तिथं ताफा नव्हता. माणूस जिभेनं तिखट. पहिल्यांदा त्यानं हा पसारा बघितला तेव्हा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"दाजी, ही चाल तुमी केली का शेळीनं?"

"दोघांनी मिळून."

"मंग तिच्या गळ्यात पण एक ढोल अडकवा की. घरचंच माणूस हाय."

बायको हसायची नाही, पण हातात खराटा घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि विचारायची, "झाडू का? का अजून वाजायचीय?" तिनं कधी मला न विचारता एक लेंडी हलवली नाही. कान तर माझ्यापेक्षा तिचा बरा होता. एकदा चार दिवस घोकून एक चाल वाजवली, तर चुलीपुढून म्हणाली, "त्या मधल्या ढोलाला लय बोलायला लावलंय तुमी. जावेसारखा बडबडतोय. जरा गप बसवा त्याला." मी रागावलो. मग गुपचूप मधल्या ओळीतल्या सहा लेंड्या काढल्या, आणि चाल उभी राहिली. तिला सांगितलं नाही. तिला कळलं असणारच.

आमची पहिली मुलगी. नाव ठेवलेलं होतं, ते इथं लिहीत नाही. अकरा महिन्यांची झाली होती, ढोल वाजला की बसल्या जागी बूड हलवायची. पौषात थंडी लागली आणि तिची छाती उडायला लागली. आमच्याकडं त्याला डबा म्हणतात. गावातल्या एका म्हातारीनं पोटावर बिब्ब्याचा चटका दिला. परभणीला सरकारी दवाखाना होता, पण गाडीनं सबंध दिवसाची वाट, आणि लेकरू त्या गार वाऱ्यात कसं न्यायचं. न्यायला पाहिजे होतं. आता बोलून काय. दीड दिवस आमी दोघंच तिच्या दोन बाजूंना बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी रडलो नाही. मेंढरं उपाशी होती, ती घेऊन रानात गेलो. बायको महिनाभर बोलली नाही, मग हळूहळू कामापुरतं बोलायला लागली.

फाल्गुनात मी रानात बसलो होतो, आणि एक चाल आपसूक आली. दुसऱ्या चालींना मी आठ-आठ दिवस घासायचो. ही अशी आली की जणू कुणी आधीच मांडून ठेवली होती. बारक्या ढोलावर टिपऱ्याचे तीन घाव, तोकडे, घाईघाईचे. मग काही नाही. मग चारी ढोलांची एकदम एक थाप, खोल, आणि त्या थापेसंगं झांज लांबवर घासत न्यायची. परत तीन. परत काही नाही. मध्ये कुठं तीनाचे दोन होतात, कुठं चार.

घरी येऊन अंगणात मांडली. मोकळी जागा मी चार बोटं सोडली. खरं तर डोक्यात ती त्याहून जास्त होती, पण ढोलावर गजी नाच नाचणाऱ्यांनी एक पाय उचलून किती वेळ उभं राहायचं? म्हणून चारच.

मेव्हणा आला. बघितलं आणि एक लेंडी उचलून त्या मोकळ्या जागेत ठेवली. "हितली उडाली वाटतं, दाजी. कोंबडीनं नेली."

मी ती काढून टाकली. "तिथं काही नाही."

"काही न्हाई म्हंजी? एवढी जागा? लोकाला वाटंल आमी विसरलो."

"वाटू दे. आणि झांज आपटू नको. घास. काठाला काठ लावून घास."

"घासायला काय भांडी हायत का?" म्हणाला, पण घासून बघितली. आवाज आला तशी त्यानं परत एकदा घासली. मग म्हणाला, "दाजी, ही लय मोठी हाय." चेष्टा न करता तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

आमी तालीम गावाबाहेर माळावर करायचो. बायकोनं ती चाल ऐकलेली नव्हती. अंगणात मांडलेली तिनं बघितली होती, पण बघून तिला वाचता येत नव्हती. पसारा झाडायच्या वेळी विचारलं तेवढं, "हितं एवढं मोकळं का?" मी म्हणालो, "जत्रेत ऐकशील."

चैत्रात बिरोबाची जत्रा भरली. आजूबाजूच्या पाच-सहा गावची माणसं होती. बायका एका अंगाला बसल्या होत्या, त्यात ती होती. आमी जुन्या दोन चाली वाजवल्या आणि मग ही धरली. पहिल्या मोकळ्या जागेला अख्खं देऊळ गप झालं. नाचणारे पाय उचलून उभे. लोक तोंडं उघडी टाकून थांबले. मग थाप पडली आणि सगळ्यांनी श्वास सोडला. मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मागून कुणीतरी ओरडला, "अरे, ढोलाला दम लागलाय रे! कुणीतरी चटका द्या त्याला!" मोठा हशा झाला. मीही हसलो. वाजवता वाजवता बायकांच्या बाजूला बघितलं तर ती उठून चालली होती, पदर तोंडात धरलेला.

मला वाटलं उन्हानं भोवळ आली असेल. मी वाजवत राहिलो. शेवटपर्यंत वाजवली.

घरी आलो तर ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती.

"ही कुठून आणली तुमी?"

"कुठून म्हणजे? बसवली."

"न्हाई. तुमी न्हाई बसवली."

"मग कुणी?"

तिनं श्वास घेतले. तीन, तोकडे. मग थांबली. तशीच थांबून राहिली माझ्याकडं बघत. मग एक लांब सोडला, आणि त्या सोडण्यात छातीत घासल्याचा आवाज होता. दीड दिवस आमी दोघांनी जे ऐकलं होतं, ते होतं. तीनाचे कधी दोन, कधी चार, तेही तसंच.

मला माहीत नव्हतं. आज एवढ्या वर्षांनी शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. पण त्या घडीला मी हे म्हणालो नाही. मला भर जत्रेतला मान मिळालेला होता, लोकांनी खांद्यावर हात टाकले होते, आणि ही घरात तो काढून घ्यायला बसली होती असं मला वाटलं. मी म्हणालो, "मग काय झालं? पोरगी तर गेली. चाल तरी राहिली."

"कुणाला राहिली? लोक हसायलेत तिला."

मी ढोल उतरवून भिंतीला लावला.

ती म्हणाली, "वाजवू नका म्हणत न्हाई मी. तुमची हौस हाय. पण तिथं थांबू नका. तुमी थांबता आन् मला वाटतं, आता पुढचा येतोय का न्हाई. दर खेपेला वाटतं. तेवढी जागा भरून काढा."

एवढंच मागितलं तिनं. आणि मी ते दिलं नाही.

पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेला आमच्या ताफ्याला बोलावणं आलं. ते या चालीमुळंच आलं. भरून काढली तर तिच्यात काय राहणार होतं? तीन टिपरू, एक थाप, कुणीही वाजवील. मी तिला म्हणालो, पोखर्णीत तशीच वाजवतो, तू येऊ नकोस. ती म्हणाली, "बरं." पोखर्णीत ती तशीच वाजवली. लोकांनी दोनदा वाजवायला लावली. ताडकळसच्या बाजारातनं आलेली माणसं विचारायला लागली, ही थांबती चाल कुणाची? मी छाती काढून सांगत होतो, माझी.

नागपंचमीला बायको माहेरी गेली. मेव्हणा घेऊन गेला. आठ दिवस राहायची होती. दुसऱ्याच दिवशी दुपार कलल्यावर बघतो तर ती एकटी चिखल तुडवत दारात उभी. चार कोस चालत आली होती. काळ्या मातीचा चिखल गुडघ्यापर्यंत, एक वहाण रस्त्यातच रुतून गेलेली.

"काय झालं? भांडण झालं का?"

"न्हाई."

"मग?"

"दादानं गावात ताफा उभा केलाय. सगळ्या पोरांना तीच शिकवायलाय. सकाळी पण तीच, संध्याकाळी पण तीच." तिनं दुसरी वहाण काढून भिंतीला ठेवली. "आता मी कुठं जाऊ ते सांगा."

ती ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. ती खरंच विचारत होती, वाट विचारावी तसं. मी पाणी तापवलं आणि तिचे पाय धुतले. आमच्यात नवरा असं करत नाही. कुणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडून चाल परत मांडली. ती चार बोटं भरायची होती. काय भरावं ते सुचेना. शेवटी मधल्या ढोलाच्या सरळ चार थापा घातल्या, एकामागं एक, मेंढरं वाटेनं चालावीत तशा. चाल तिथल्या तिथं मेली. ती मरताना मला दिसली. मी हाक मारली, "झाडून टाक आता." तिनं बघितलं आणि झाडून टाकली.

आमच्या ताफ्याला मी सांगितलं, आजपासून अशी. मेव्हण्याकडं स्वतः गेलो आणि सांगितलं, तुझ्या पोरांनाही अशीच शिकव.

तो ऐकून उडालाच. "दाजी, डोकं फिरलं का? जीव काढून घेतला तुमी तिचा!"

मी त्याला कारण सांगितलं नाही. बायकोनं सांगायला मनाही केली नव्हती, पण ती गोष्ट आमच्या दोघांची होती. तिसऱ्याला कशी सांगायची? म्हणालो, "माझी चाल हाय. मी काही पण करीन."

"तुमची कशी? आता ती सगळ्यांची हाय."

"माझ्या घरची हाय," मी म्हणालो. त्याला त्यातलं काय कळणार. त्याला वाटलं मी मोठेपणा करतोय. त्यानं आमच्या ताफ्यात येणं सोडलं. दोन वर्षं आमी बोललो नाही. बायको राखीला जायची, बाहेरच्या बाहेर ओवाळून परत यायची. तो जुनीच शिकवत राहिला, पण एक झालं. त्याच्या पोरांना ती थांबायची जागा नीट सांभाळता येईना. कुणी आधी पडायचा, कुणी मागं राहायचा. आमच्या ताफ्यालाही मी ते बोटं मोजून शिकवलं होतं, त्याला ती रीत येत नव्हती. वर्षभरात त्यांनीही ती सोडून दिली.

पुढं एकदा दौऱ्यावरचा एक साहेब गावात उतरला. पोखर्णीला त्यानं ऐकली होती. पाटलानं आमाला बोलावलं. साहेब खुर्चीवर बसून म्हणाला, "वो रुकनेवाला बजाव." आमी भरलेली वाजवली. साहेब थोडा वेळ ऐकत राहिला, मग पाटलाकडं वळून बोलायला लागला. आमी वाजवत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. थांबलो तेव्हा तो म्हणाला, "वो नहीं. वो दूसरा था."

मी म्हणालो, "वोच है साब. हम भूल गये."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "भाकरी वाढू का?"

नंतर दिवस फिरले. जत्रेत वाजवायलाही इजाजत काढावी लागायला लागली, मग इजाजत मिळेनाशी झाली. गावोगाव भीती पसरली. आमी मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने लांबच्या रानात राहायचो. ढोल आढ्याला टांगले ते टांगलेच. उंदरांनी दोन कातडी खाल्ली. निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावात लोकांनी गुलाल उधळला आणि मला म्हणाले, वाजवा. मी बापजाद्यांच्या चाली वाजवल्या. मेव्हणा आला होता, झांज घेऊन शेजारी उभा राहिला. माफी ना त्यानं मागितली, ना मी. म्हणाला, "आपटायची का घासायची?" मी म्हणालो, "आपट." त्यानंतर मी नवी चाल कधी बसवली नाही. सुचलीच नाही असं नाही. पण सुचली की आधी मनात यायचं, ही कुणाची?

मग तीन मुलं झाली, जगली, त्यांना लेकरं झाली. पन्नासच्या वर वर्षं आमी एका घरात राहिलो, आणि त्या चालीचं नाव तिनं काढलं नाही, मी काढलं नाही. मला वाटत होतं, विसरली.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी मी तिला पेज पाजत होतो, तर म्हणाली, "वाजवा की ती."

"कोणती?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"पोरीची."

घरात ढोल नव्हता. मी पिठाचा रिकामा डबा पालथा मांडीवर घेतला आणि बोटांनी वाजवली. जशी हातात होती तशी, भरलेली. तिनं मान हलवली. "अशी न्हाई. पयल्यासारखी."

तीन मारले, थांबलो. चार बोटं थांबलो, आणि थाप मारली.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून थांबायची ती."

परत तीन मारले. थांबलो. जास्त थांबलो, नाचणाऱ्याचा पाय खाली आला असता इतका. थाप मारली.

"अजून."

परत मारले. थांबलो. तिच्या तोंडाकडं बघत थांबलो, की ती मान हलवील, बोट उचलेल, काहीतरी खूण देईल, की आता. तिनं डोळे मिटले होते आणि ती ऐकत होती. मी हात वर धरून बसलो. खूण आली नाही. तिला झोप लागली. मी थाप मारली नाही, ती जागी होईल म्हणून.

पुढं बारा दिवसांनी ती गेली. त्या बारा दिवसांत मी तिला विचारू शकलो असतो. किती थांबायची ती, हे दोघांनाच माहीत होतं. त्यातलं मी माझं नाचणाऱ्यांसाठी चार बोटांवर आणलं आणि मग तेही बुजवून टाकलं. खरं तेवढं तिनं सांभाळलं, एवढी वर्षं, एका शब्दानं न बोलता. उद्या विचारू, उद्या विचारू, असं म्हणत राहिलो. धीर झाला नाही.

आता सकाळी अंगणात बसतो तेव्हा बोटं आपोआप तीन घाव मारतात. मग मी हात उचलून धरतो. सून आतून विचारते, "मामंजी, काय पायजे का?" नको म्हणतो, आणि हात खाली ठेवून देतो.